मामांची डिझेल गाडी सकाळी उशिरा चालू होते: कामाच्या नोंदी

१४ डिसेंबर

गाडी सात आसनी डिझेल, चार सिलिंडर, कॉमन रेल. सेलू तालुक्यात मामांच्या दारात उभी असते. तक्रार मामांच्याच शब्दांत: "सकाळच्याला लई सेल्फ खायलीय. दुपारी एका चावीत चालू. कामून असं करायलीय, बघ बरं."

"उशिरा चालू होते" या एकाच तक्रारीखाली दोन वेगळे आजार असतात. एक, सेल्फ इंजिनाला जोरात फिरवतच नाही, घुर्र... घुर्र... करत जड चालतो. हा भाग बॅटरी, केबल आणि सेल्फचा. दुसरा, सेल्फ फटाफट फिरतो पण इंजिन पकडत नाही. मग बघायचं डिझेल, हीटर (गार सिलिंडर आतून तापवणारे प्लग), कॉम्प्रेशन, सेन्सर. पहिल्या आजारात नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) उघडून काही हाती लागत नाही आणि दुसऱ्यात नवी बॅटरी टाकून. लोकांचा पैसा वाया जातो तो या दोहोंची गल्लत होते म्हणून. तेव्हा आधी मोजायचं, मग सामान आणायचं. या कामात एवढा एक नियम मी सोडणार नाही.

आज पहाटे मामांना चावी मारायला लावली आणि बोनेटपाशी उभं राहून ऐकलं. सेल्फ जड आहे, शंकाच नाही. पुन्हा मारायला लावून मागे सायलेन्सरपाशी गेलो. धूर अजिबात नाही. हे महत्त्वाचं. सेल्फ फिरताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण जळत नाही. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. पण सेल्फ इतका जड असताना डिझेलचा दाबही हळूच चढणार, म्हणून धुराबद्दलचा निकाल आत्ताच नको. आधी सेल्फ मोकळा फिरू दे.

गावात रात्री कुणाला परभणीला दवाखान्यात न्यायचं झालं तर मामांचीच गाडी निघते. मामी सकाळी म्हणाल्या, "कुणी रात्री दार वाजवलं की माझा जीव गाडीच्या सेल्फात अडकतो." म्हणून तात्पुरतं भागवायचं नाही, पार तळाशी जायचं.

१५ डिसेंबर

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीवर, दिवे आणि दार काही न उघडता, १२.५५ व्होल्ट. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या वर दाखवते, १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. म्हणजे ही चांगली भरलेली आहे. झाकणं उघडून हायड्रोमीटर घातला, सहाही खणांत १.२५ च्या आसपास. एखादा खण मेला असता तर त्याचा आकडा इतरांपेक्षा बराच खाली दिसला असता. पाणी पट्ट्यांच्या वर आहे. इंजिन चालू करून १४.२ व्होल्ट, हेडलाइट आणि पंखा लावून १३.९. अल्टरनेटर ठीक.

मामांचा हात खिशाकडे जायला लागला होता. वस्तीवरच्या दाजींनी त्यांना सांगून ठेवलंय की बॅटरीच गेली. दाजींचा अंदाज हवेतला नाही. आपल्याकडे मे महिन्याची ४२-४३ अंशांची धग बॅटरीला आतून खाते आणि तिचा अशक्तपणा उघडा पडतो डिसेंबरात, कारण थंडीत तिची रासायनिक क्रिया मंदावते आणि ऑइल घट्ट झाल्याने सेल्फला ओढही जास्त लागते. पण आकडे या बॅटरीच्या बाजूने बोलतायत. "मामा, थांबा जरा. दोन दिवस द्या," म्हणालो. ते थांबले.

१६ डिसेंबर

आज सगळा वेळ मल्टिमीटरवर.

उभ्या बॅटरीचा व्होल्टेज अर्धीच गोष्ट सांगतो. खरी परीक्षा सेल्फ ओढ घेत असताना. गाडी तशीही लगेच पकडत नाही, त्यामुळे सेल्फ फिरत असताना आकडा वाचायला तीन-चार सेकंद आरामात मिळतात.

बॅटरीच्या दोन शिशाच्या खुंट्यांवर काट्या टेकवल्या. क्लॅम्पवर नाही, थेट खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पमधला दोषही मोजण्यात येतो. सेल्फ मारल्यावर १०.४ व्होल्ट. ९.६ च्या खाली गेला नाही, म्हणजे बॅटरी ओढ सोसतेय.

मग खाली जाऊन एक काटी सेल्फच्या जाड नटावर, दुसरी सेल्फच्या अंगावर. सेल्फ मारला: ८.५.

बॅटरीतून १०.४ निघाले आणि सेल्फला ८.५ मिळाले. मधले १.९ व्होल्ट वाटेत कुठेतरी गळतायत. वाटा दोनच, लाल केबलची आणि अर्थची, म्हणजे गाडीच्या लोखंडातून बॅटरीच्या मायनसला परतायची. बॅटरीच्या प्लस खुंटीपासून सेल्फच्या नटापर्यंत ०.३. हे चालतं, अर्ध्या व्होल्टच्या आत असलं पाहिजे. मायनस खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत १.६. इथे ०.२ च्या वर जायला नको. चोर सापडला.

अर्थच्या वाटेचेही दोन तुकडे केले. मायनस खुंटी ते चेसी: ०.१. चेसी ते इंजिन: १.५. म्हणजे चेसीपासून गिअरबॉक्सला जाणारी पट्टी. खात्री म्हणून जंपर केबल घेतली, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं थेट इंजिनाच्या उचलायच्या हुकाला. मामांनी चावी मारली आणि सेल्फ असा फिरला की ते दचकून खाली उतरले. "हे काय केलंस रं?"

हिशेब डोक्यात ठेवण्यासारखा आहे. सेल्फने २०० अँपिअर ओढले असं धरलं, तर १.६ व्होल्ट गमावणं म्हणजे ३२० वॉट नुसते उष्णतेत जाणं. लागोपाठ सेल्फ मारून झाल्यावर त्या पट्टीच्या बोल्टला हात लावला तर तो चांगलाच गरम लागला. आजूबाजूचं लोखंड थंडगार होतं. मीटर नसेल तेव्हा ही खूणही उपयोगी पडते, फक्त हात जपून लावायचा.

१७ डिसेंबर

पट्टी काढली. गुंफलेल्या तांब्याची, गिअरबॉक्सच्या पोटाशी, पुढच्या चाकाचा चिखल थेट उडतो अशा जागी. वरून बरी दिसत होती. लगच्या (टोकाला बोल्टने कसायच्या कडीच्या) आत मात्र हिरवट पांढरी भुकटी आणि वाकवल्यावर निम्म्या तारा तटातट तुटल्या. आपली काळी माती एकदा चिकटली की ओल धरून बसते. पावसाळाभर ती ओल तांब्याला खात राहते. वर्षानुवर्षं कुणी तिथे पाना लावलेला नसावा.

नवी केबल ३५ चौरस मिलिमीटरची, वेल्डिंगला वापरतात ती. तिच्या तारा बारीक असतात म्हणून इंजिन हलताना मोडत नाही. दोन्ही टोकांना तांब्याचे लग दाबून बसवले. चेसीवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, रंगावर लग कधीच कसायचा नाही. कसल्यावर वरून व्हॅसलिनचा थर. केबलला थोडा सैलपणा ठेवला.

नंतरचे आकडे: अर्थची वाट ०.१५, प्लसची ०.३५, बॅटरीवर १०.१, सेल्फला ९.६.

मामांनी वहीत डोकावून विचारलं, "बॅटरीचा आकडा तर कमी झाला की?" झाला, आणि तेच बरोबर आहे. आधी वाट अडलेली होती म्हणून सेल्फला पुरेसा करंट ओढताच येत नव्हता. आता तो पोटभर ओढतो, म्हणून बॅटरीचा व्होल्टेज थोडा जास्त खाली येतो. प्लसच्या केबलवरची घटही त्यामुळेच किंचित वाढली. नुसता बॅटरीचा आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं, काम बिघडवलं.

२१ डिसेंबर

थंडी वाढली. कृषी विद्यापीठाच्या नोंदीवरून पेपरात परभणीचा पारा खाली गेल्याची बातमी आहे. अशाच सकाळची वाट बघत होतो.

गॅरेजमधला स्कॅनर मागून आणलाय. सेल्फ मारताना इंजिनाचे फेरे मिनिटाला २३०, उत्तम. तरीही गाडीने सात सेकंद घेतले. धूर नाही. म्हणजे दुसरा आजारही आहेच, पहिल्याच्या आड दडलेला होता.

स्कॅनरवर रेलचा, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतला दाब बघितला. कॉमन रेल गाडीत दाब साधारण २०० ते २५० बारपर्यंत चढल्याशिवाय ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) नोझलला उघडायला सांगतच नाही. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो. इथे दोन सेकंदांनी ६०, पाचव्याला १४०, सातव्याला २५० पार आणि त्याच क्षणी इंजिनाने पकडलं. धूर का नव्हता ते आता कळलं, नोझल उघडतच नव्हते.

गाडी बंद करून पाच मिनिटांनी पुन्हा चावी मारली तर दाब सेकंदाभरात वर.

परभणीच्या एका डिझेल पंप-नोझल दुरुस्तीवाल्याला फोनवर हे सांगितलं. त्याचं म्हणणं, चारही नोझल काढून आणा, गळत असतील. काढायचे नाहीत असं ठरवलं आणि कारण लिहून ठेवतो. झिजलेल्या नोझलमधून डिझेल परतीच्या नळीत गळतं हे खरं, पण गरम डिझेल पातळ होतं, म्हणून ती गळती इंजिन तापल्यावर वाढते. नोझल झिजलेल्या गाड्या बहुधा गरम असताना जास्त छळतात. ही गाडी गरम असताना शहाणी आहे. चार नोझल दुरुस्त करायचे म्हणजे कापूस विकून आलेल्या पैशातला चांगलाच घास जातो.

२२ डिसेंबर

किरकोळ गोष्टी उरकल्या. बंद गाडीत सगळं झोपी जायला अर्धा तास दिला आणि मग बॅटरीतून चोरून जाणारा करंट मोजला: २८ मिलिअँपिअर. पन्नासच्या आत, सोडून दिलं. ऑइल १५ डब्ल्यू ४०, गाडीला सांगितलेलंच. एअर फिल्टर झटकला. डिझेल फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू सैल केला तर चमचाभर पाणी निघालं. मामा ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं डिझेल कधीमधी गाडीत ओततात. ते थांबवायला सांगितलं.

२४ डिसेंबर

आजची परीक्षा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त सांगणारी. रात्रभर उभी गाडी, इंजिन बर्फासारखं गार. चावी मारायच्या आधी फिल्टरवरचा हातपंप दाबत राहिलो. सुरुवातीला बराच वेळ पोकळ लागला, मग घट्ट झाला. मग चावी. दीड सेकंदात इंजिन चालू.

गार इंजिन, तेच हीटर, तेच नोझल, तेच कॉम्प्रेशन. बदललं ते एवढंच की फिल्टर आणि पंप डिझेलने भरलेले होते. म्हणजे दोष थंडीचा नव्हता, उभं राहण्याचा होता. दुपारी उन्हात तीन तास उभी ठेवून मारली तेव्हा तीन सेकंद लागले, त्यावरूनही हेच ठरलं. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या वाटेत कुठेतरी हवा शिरतेय आणि डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतंय.

मामांना एका वाक्यात पटलं. विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व्ह गळत असला की रात्रीतून पाइपातलं पाणी विहिरीत उतरतं आणि सकाळी मोटारीत पाणी भरल्याशिवाय ती ओढत नाही, तसंच हे. "मग फूटव्हॉल्व्ह कुठंय हिचा?" त्यांचा लगेच पुढचा प्रश्न. तेच शोधायचंय.

एक गोष्ट इथे ठळक लिहून ठेवतो, कारण आज शेजारचे एक काका पाना घेऊन मदतीला आले होते. जुन्या ट्रॅक्टरची हवा काढायला नोझलचा नट सैल करून सेल्फ मारतात, ते त्या पंपाला चालतं. कॉमन रेलमध्ये चालू इंजिनात दाब हजार बारच्या वर जातो. त्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून टाचणी टोचल्याएवढीच दिसते आणि बोट किंवा हात कापायची वेळ आणते. जाड नळ्यांच्या नटाला इंजिन चालू असताना किंवा बंद केल्याबरोबर हात लावायचा नाही. एअर फिल्टरच्या तोंडाशी पेटता बोळा धरणं आणि स्टार्टर स्प्रे मारणं, हीटर असलेल्या इंजिनात दोन्ही बंद. काकांना हे समजावून सांगितलं आणि त्यांनी पाना खाली ठेवला.

२८ डिसेंबर

फिल्टर आणि पंपाच्या मधली नळी काढून तिथे वीतभर पारदर्शक नळी जोडली. इंजिन चालू. डिझेलबरोबर मोहरीएवढे बुडबुडे, थांबून थांबून एखादा मोठा. हवा येतेय.

तीच पारदर्शक नळी फिल्टरच्या आधी, टाकीच्या बाजूला लावली. इथे डिझेल स्वच्छ, एकही बुडबुडा नाही. म्हणजे टाकी, लांब पाइप, क्लिपा सगळे निर्दोष आणि हवा फिल्टरच्या डब्यातच शिरतेय.

इथे मराठवाड्याची धूळ कामाला आली. हा भाग ओढीचा आहे, आत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी, म्हणून डिझेल खाली ठिबकत नाही, उलट हवाच आत जाते. जमिनीवर डाग शोधणाऱ्याला काही सापडणार नाही. पण गाडी उभी असताना फटीतून अगदी पुसटसा ओलावा बाहेर येतो आणि त्यावर धूळ चिकटते. टॉर्च लावून बघितलं. सगळा डबा कोरड्या भुरकट धुळीने माखलेला आणि फक्त खालच्या पाण्याच्या सेन्सरभोवती रुपयाएवढं काळपट, चिकट कडं. त्या सांध्यावर बोटाने ग्रीसचा जाड थर दिला. पारदर्शक नळीतले बुडबुडे कमी होत होत बंद झाले. ग्रीस पुसलं, पुन्हा सुरू.

सेन्सर सोडवला. त्याची ओ-रिंग गोल राहिलेलीच नव्हती, एका बाजूने चपटी आणि नखाने वाकवली तर तडा दिसत होता.

गावात ठिबकच्या सामानात याच मापाची रिंग मिळते, मामांनी आणूनही दिली. लावली नाही. ते रबर पाण्यासाठी असतं, डिझेलमध्ये फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हेच. डिझेल सोसणारी नायट्राइल किंवा व्हायटॉनचीच हवी. छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात सांगितलं, पार्सल येईल. तोवर सकाळी हातपंप दाबून मग चावी. मामींनाही दाबायला शिकवलं, रात्री घरी त्याच असतात.

३ जानेवारी

रिंग आली. जागा कापडाने पुसून, रिंगेला डिझेलचं बोट फिरवून बसवली, सेन्सर हातानेच कसला. फिल्टरही नवा टाकला. हातपंपाने हवा काढली, पारदर्शक नळीत दहा मिनिटं बघितलं, बुडबुडा नाही. नळी काढून मूळची नळी नव्या क्लिपांसह परत लावली.

४ जानेवारी

पहाटे, काही न दाबता, सरळ चावी. दाब दीड सेकंदाच्या आत २५० पार, इंजिन चालू.

पण आता एक नवीन गोष्ट दिसली. चालू झाल्यावर काही सेकंद इंजिन एका पायावर लंगडतं आणि पांढरा धूर निघतो. हे आधीही असणार, सात सेकंद फिरून फिरून सिलिंडर थोडे तापल्यावर चालू होत होती म्हणून लक्षात येत नव्हतं. आता डिझेल वेळेवर पोचतंय आणि एका सिलिंडरात ते जळत नाहीये. हीटर प्लग बघायचे.

चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवून ते वेगवेगळे मोजले. तीन ०.८ ओहमच्या आसपास, दोन नंबरचा काहीच दाखवत नाही. आतली तार तुटलेली. पट्टीवर चावी दिल्यावर बॅटरीइतका व्होल्टेज येतोय, म्हणजे रिले चांगला आहे.

५ जानेवारी

दोन नंबरचा प्लग काढला. हा भाग घाईने करायचा नाही. गार इंजिनात जोर लावला तर प्लग हेडमध्येच मोडतो आणि मग हेड उतरवायची वेळ येते. काल रात्रीच मुळाशी गंज सोडवणारं तेल सोडून ठेवलं होतं. सकाळी इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, लांब सॉकेटने थोडं सोडायचं, थोडं परत कसायचं, पुन्हा थोडं जास्त सोडायचं. आट्यांतला काजळीचा भुगा करकरत बाहेर आला आणि प्लग अख्खा हातात. टोक काळं नि फुगलेलं. आटे साफ करून नवा प्लग टॉर्क पान्यानेच, पुस्तकातल्या आकड्याला कसला. बाकीचे तीन चांगले आहेत, पण एकाच वयाचे. पुढच्या हिवाळ्याआधी तेही बदलायचे, मामांना सांगून ठेवलं.

१२ जानेवारी

संक्रांतीआधीची थंडी. आठवडाभर मामा रोज सकाळी किती सेकंद लागले ते कॅलेंडरवर लिहितायत. एकही आकडा दोनच्या वर नाही. लंगडणं गेलं, धूर गेला. अर्थवर पुन्हा मोजलं, ०.१५, जागचा हललेला नाही.

खर्च झाला तो केबल, दोन लग, रिंग, फिल्टर, क्लिपा आणि एक हीटर प्लग एवढाच. बॅटरी जुनीच आहे, नोझलांना हात लागला नाही.

फिल्टरच्या डब्यावर रंगाच्या पेनाने तारीख लिहिली. त्याच मापाची जास्तीची रिंग पिशवीत घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवली. पावसाळा संपला की गिअरबॉक्सखालची केबल उघडून लग घासायचे. बेल्टचा किंचित आवाज येतोय, ते पुढच्या रविवारी बघतो.